हेराने बातमी आणली, पुढे काय?

गोदातीर

मंडळी, वणी म्हटलं की आपल्याला सप्तशृंगी आठवते आणि दिंडोरी म्हटलं की द्राक्षं. याच टापूत १७ ऑक्टोबर १६७० ला मोठी लढाई झाली. तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की आपण तलवारींचंच बोलतो. मला मात्र तिची आदली रात्र जास्त रंजक वाटते, कारण ती रात्र हेरांची होती.

सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून परतत होते. लूट बरोबर, म्हणजे चाल मंदावलेली. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपुराकडून धावत येऊन चांदवडला पोचला. मोगलांच्या पदरी असलेल्या भीमसेन सक्सेनाच्या फारसी आठवणींत ही मोहीम आली आहे. मध्यरात्रीच्या सुमारास खानाचे हेर पक्की खबर घेऊन आले. मराठे कांचन-मंचनच्या डोंगरांतून बाहेर पडलेत, निम्मी फौज गुलशनाबादच्या, म्हणजे आपल्या नाशिकच्या वाटेला लागली आहे आणि निम्मी मागे रेंगाळलेल्यांना गोळा करायला घाटातच थांबली आहे. वडाळीभोईवरून धोडंब्याकडे गाडी वळवली की सातमाळेची ती जोडशिखरं समोर दिसतात. त्या उतारावर अंधारात उभं राहून कोणीतरी ‘निम्मे गेले, निम्मे राहिले’ हे हेरलं होतं. हे सोपं काम नव्हे.

खान लगेच निघाला. आघाडीला इखलासखान मियाना होता. मागची फौज येईपर्यंत त्याला धीर धरवला नाही. त्याने हल्ला चढवला आणि जखमी होऊन घोड्यावरून पडला. दिवसभर झुंज चालली आणि लूट सुखरूप पुढे निघून गेली. हेरांनी आपलं काम चोख केलं होतं, पण त्याचं चीज झालं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की युद्धातल्या हेरांच्या गोष्टी सांगताना आपण बातमी आणणाऱ्यावर फिदा होतो आणि ती ऐकणाऱ्याकडे बघतच नाही. खरा निकाल तिथे लागतो. पटतंय का? उदाहरणं टाका, आपल्याकडची आणि बाहेरचीही.

पंचवटीचा पंत

चांगला विषय. मग सुरुवात बहिर्जी नाईकांपासून करू. त्यांचं नाव सभासद बखरीत येतं ते सुरतेच्याच संदर्भात. सुरत मारली तर अमाप द्रव्य मिळेल, ही पाळत त्यांनीच आणली. पुढचा भाग नाशिककरांच्या खास लक्षात राहावा असा आहे. जानेवारी १६६४ च्या त्या पहिल्या स्वारीत महाराज नाशिक-त्र्यंबकच्या रोखाने आले ते देवदर्शनाचं निमित्त करून. शत्रूचे हेरही रस्त्यावर असणारच, तर त्यांना पाहायला देवदर्शन देऊन टाकलं! सुरतेचा सुभेदार इनायतखान शेवटी किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं.

म्हणजे तुमच्या मुद्द्याला माझी पुरवणी अशी की खरी बातमी आणणं हे हेरखात्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे समोरच्याला खोटी बातमी पोचेल अशी सोय करणं.

मिसळसम्राट

बहिर्जी वासुदेव व्हायचे, फकीर व्हायचे, खुद्द आदिलशहाच्या दरबारात जाऊन बसायचे, हे सगळं राहिलं की राव! आणि आपला रामशेज किल्ला कसा विसरलात? लाकडाच्या तोफा!

पंचवटीचा पंत

@मिसळसम्राट, वेषांतराच्या गोष्टी मलाही आवडतात, पण समकालीन कागदांत बहिर्जींविषयी फार थोडं सापडतं. बाकीचं नंतर रचलं गेलं. आणि खरं सांगायचं तर ज्या हेराबद्दल सगळं लिहून ठेवलंय तो हेर कसला? कागदावर न सापडणं हीच त्याची कर्तबगारी. रामशेजवर स्वतंत्र धागा काढा, मी येतो. तिथे मुद्दा वेढ्याचा आहे, हेरगिरीचा नाही.

निफाडकर

पंत, आमच्या बाजूचं राहिलं. चांदोरीचे हिंगणे! मूळ नाशिक क्षेत्रातलं उपाध्येपण करणारं घराणं. महादेवभट हिंगणे दिल्लीला पेशव्यांचे वकील झाले आणि पुढे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव या मुलांनीही तेच काम केलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला. बादशहाचं काय चाललंय, वजीर कोणाकडे झुकलाय, अब्दाली कुठवर आलाय, हे सगळं पुण्याला लिहून पाठवायचं. उघड उघड नेमलेला माणूस, पण काम बातमीचंच. हिंगणे दप्तर चाळलं तर उसनवारी, देणी, रुसवेफुगवे आणि मधेच एकदम दिल्लीच्या तख्ताची उलथापालथ असं सगळं एका पत्रात भेटतं.

आता गोदातीर यांच्या मुद्द्याकडे. इतकी वर्षं दिल्लीत माणसं बसलेली, तरी पानिपताआधी काय झालं? ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब कुंजपुरा जिंकून तिथेच असताना अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला. नदीला पाणी होतं, तो उतरणार नाही असं गृहीत धरलं होतं. उतारावर नजर ठेवायला पुरेशी माणसं नव्हती, किंवा होती त्यांची खबर वेळेत पोचली नाही. तिथून फौजेची दक्षिणेकडची वाट तुटली.

कळवणची सून

भाऊंवर खापर फोडायची आपल्याला सवयच लागलीय. परक्या मुलखात हेर मिळतात ते स्थानिक मैत्रीतून. जाटांचा राजा सूरजमल निघून गेला, राजपूत तटस्थ बसले, रोहिले तर शत्रूच. मग खबर आणणार कोण? मराठी बोलणारा जासूद दोआबात दोन कोस तरी लपेल का? हेरखातं हे राजकारणाच्या जमिनीवर उगवतं. जमीनच नसेल तर नाना फडणवीसांनाही तिथे काही करता आलं नसतं.

आणि पानिपताची बातमी नानासाहेबांना कळली कशी, तेही लक्षात घ्या. सरकारी डाकेने नाही. भिलशाच्या मुक्कामी सावकारांचा कासीद, म्हणजे निरोप्या, पकडला गेला आणि त्याच्याजवळच्या पत्रात दोन मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि खुर्द्याचा हिशोबच न लागल्याचा मजकूर होता. विश्वासराव आणि भाऊ गेल्याचं पेशव्यांना असं व्यापाऱ्यांच्या चिठ्ठीतून कळलं. सावकारांचे जासूद दरबारापेक्षा वेगवान होते, कारण त्यांचा पैसा अडकलेला होता!

गोदातीर

ताई, सहमत. ‘मैत्री नसेल तर हेर नाही’ हे मी लिहायला हवं तितक्या नेमकेपणाने तुम्ही लिहिलंत.

सावकारी चिठ्ठीवरून एक सांगतो. हेर म्हटलं की राजाने पाठवलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण कौटिल्याच्या यादीतही व्यापारी, शेतकरी, तापसी असे वेष धरलेले गूढपुरुष आहेत, म्हणजे ज्याचं इकडून तिकडे जाणं कोणाच्या डोळ्यावर येत नाही तो. आणि त्याने एक व्यवहारी नियम दिलाय. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवायचा. माझ्या मते ऐकणाऱ्यासाठी लिहिलेला हा सर्वात जुना उपयोगी नियम.

दुहेरी तिकीट

नियम छान, पण तो कसा मोडला गेला ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुजोल गार्सिया नावाचा स्पॅनिश माणूस होता. सैनिक म्हणून यथातथाच. हिटलरचा राग येत होता म्हणून ब्रिटिशांकडे गेला, मला हेर करा म्हणाला. त्यांनी उभं केलं नाही. मग तो जर्मनांकडे गेला, त्यांनी घेतला आणि इंग्लंडला जा म्हणून सांगितलं. हा पठ्ठ्या लिस्बनमध्येच बसला आणि तिथल्या वाचनालयात प्रवासमार्गदर्शिका, रेल्वेचं वेळापत्रक पाहून इंग्लंडच्या बातम्या लिहू लागला! ग्लासगोची माणसं लिटरभर वाइनसाठी काय वाटेल ते करतील, असं त्याने ठोकून दिलं. स्कॉटलंडमध्ये वाइन कोण पितं हो? जर्मनांच्या लक्षात आलं नाही. शेवटी १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्याला आणून कामाला लावला. त्यांच्याकडे नाव ‘गार्बो’.

त्याने जर्मनांना सांगितलं की आपल्या हाताखाली माणसं आहेत. वाढत वाढत सत्तावीस झाली. एकही खरा नाही. लिव्हरपूलचा एक ‘हेर’ महत्त्वाच्या ताफ्याची बातमी देऊ शकला नाही, तर त्याला आजारी पाडून मारून टाकला, पेपरात निधनवार्ता छापून आणली आणि त्याच्या न-असलेल्या विधवेला जर्मनांकडून पेन्शन मिळवून दिली. आपल्याकडे खऱ्या विधवांना इतक्या झटपट मिळत नाही.

६ जून १९४४ ला दोस्तांची फौज फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. त्या पहाटे तीनला याने माद्रिदला बिनतारी संदेश पाठवायचा घाट घातला की आरमार निघालंय. म्हणजे नंतर ‘मी सांगितलं होतं’ म्हणता यावं, आणि जर्मनांच्या हाताशी मात्र वेळ उरू नये. पलीकडे ऐकायला कोणीच नव्हतं! सकाळपर्यंत उत्तर नाही. याने उलट त्यांनाच झापलं की असल्या हलगर्जीपणात मी काम कसं करायचं. तीन दिवसांनी, ९ जूनला, त्याने कळवलं की नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला कॅलेकडे होणार. जर्मनांनी ते मानलं आणि कॅलेच्या बाजूची मोठी फौज तिथेच अडकून पडली. जर्मनांकडून आयर्न क्रॉस, ब्रिटिशांकडून एमबीई हा किताब. दोन्ही एकाच माणसाला, एकाच वर्षात.

आता कौटिल्याचे तीन साक्षी लावा. जर्मनांनी पडताळा घेतला नाही असं नाही. दुसऱ्या हेरांनीही तेच सांगितलं. पण ब्रिटनमधले त्यांचे सगळेच हेर एमआय-फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या मुठीत होते. तिघांचं जुळलं, कारण तिघांचा मजकूर एकाच खोलीत लिहिला जात होता.

मिसळसम्राट

सत्तावीस माणसं कागदावर आणि पगार चालू. आमच्याकडे एका सोसायटीत असं होतं, कोणती ते सांगत नाही.

सातपूर शिफ्ट

दुहेरी तिकीट यांनी अर्धीच बाजू सांगितली. ब्रिटिशांना खोटं खपतंय की नाही हे कळत होतं, कारण एनिग्मा या यंत्राने सांकेतिक केलेले जर्मनांचे संदेश ते वाचत होते. एनिग्मा पहिल्यांदा फोडली ती पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीने, १९३२ मध्ये, गणिताच्या जोरावर. युद्ध तोंडावर आलं तेव्हा पोलंडने आपलं सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं. नंतर ब्लेचली पार्कचं, म्हणजे ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्राचं, नाव झालं. आमच्यासारख्या मशीनवर काम करणाऱ्यांना विचारा, पहिला जॉब सेट करणारा वेगळा आणि नंतर उत्पादनाचा आकडा दाखवणारा वेगळा.

आणि ऐकणारा ढिम्म असला की काय होतं त्यासाठी हॉलंड बघा. १९४२ च्या मार्चमध्ये जर्मनांनी हुब लाउवर्स नावाचा डच बिनतारीवाला पकडला आणि त्यालाच लंडनशी बोलायला लावलं. त्याने ठरलेली सुरक्षेची खूण मुद्दाम गाळली. मी पकडला गेलोय हे सांगायची तीच सोय होती. लंडनने बघून न बघितल्यासारखं केलं आणि माणसं पाठवत राहिले. विमानातून उतरणारा हेर थेट जर्मनांच्या हातात. पन्नासच्या वर माणसं गेली, बहुतेकांना नंतर ठार मारलं. शेवटी १ एप्रिल १९४४ ला जर्मनांनी लंडनला टोमणा मारणारा उघड संदेश पाठवून खेळ बंद केला. त्या बिचाऱ्याने जीव धोक्यात घालून सांगितलं होतं हो.

कळवणची सून

हे वाचून नूर इनायत खान आठवली. टिपू सुलतानाच्या वंशातली, वडील सूफी गुरू आणि गायक, आई अमेरिकन, जन्म मॉस्कोचा. मुलांसाठी गोष्टी लिहायची. जून १९४३ मध्ये तिला ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये उतरवलं, बिनतारीवर. आठवड्याभरातच तिच्या जाळ्यातले लोक धडाधड पकडले गेले. परत ये म्हटलं तर आली नाही, कारण पॅरिसमधून संदेश पाठवणारं मग जवळजवळ कोणी उरलं नसतं. यंत्र सुटकेसमध्ये घालून घरं बदलत राहायचं, खिडकीबाहेर एरियल सोडायची, पटकन बोलायचं आणि उठायचं. वेळ लांबला की जर्मनांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या गल्लीत येणार. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी पैशासाठी तिला विकलं. दोनदा पळायचा प्रयत्न केला. पुढे महिनोन्‌महिने बेड्यांत ठेवली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊला गोळी घातली. जॉर्ज क्रॉस मिळाला १९४९ मध्ये.

तिने आपल्या सांकेतिक संदेशांच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या, त्या जर्मनांना सापडल्या आणि तिच्या नावाने ते लंडनशी बोलत राहिले. इथेही लंडनने मानलंच. यावरून काही जण तिला कच्ची म्हणतात. मला ते पटत नाही. कच्चं होतं ते प्रशिक्षण, आणि त्याहून कच्चे टेबलामागे बसलेले.

पंचवटीचा पंत

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला टोकियोतून साक्षीदार देतो. रिशार्ड सोर्गे. जर्मन पत्रकार म्हणून वावरला, जर्मन राजदूत ओटचा खास दोस्त, आणि आतून मॉस्कोचा माणूस. १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून येणार हे त्याने कळवलं. स्टालिनने कचऱ्यात टाकलं. त्याच वर्षी शरदात कळवलं की जपान सध्या सायबेरियावर येत नाही. तोवर स्टालिनच्या नाकाशी पाणी आलं होतं, शिवाय दुसऱ्या वाटांनीही तशाच खबरा येत होत्या. पूर्वेच्या पलटणी मॉस्कोकडे वळल्या. माणूस तोच आणि राजाही तोच, काही महिन्यांच्या तफावतीने निकाल उलटा! सोर्गेला ऑक्टोबर १९४१ मध्ये पकडलं, ७ नोव्हेंबर १९४४ ला फाशी. मॉस्कोने वीर म्हणून जाहीर केलं तेव्हा १९६४ उजाडलं होतं.

निफाडकर

आपल्या माणसाचा हेरामुळे घात झाला तेही येऊ द्या. विष्णु गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचे. अमेरिकेत शिकायला गेले आणि गदर या क्रांतिकारकांच्या पक्षात पडले. पहिल्या महायुद्धात फौजेतच उठाव घडवायचा बेत होता, दिवस ठरला २१ फेब्रुवारी १९१५. पोलिसांनी किरपालसिंग नावाचा माणूस आत घुसवला होता. संशय आला म्हणून तारीख १९ वर आणली, तीही त्याने पोचवली. पलटणींची हत्यारं आधीच काढून घेतली गेली. पिंगळे पुढच्या महिन्यात मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये लाहोरला फासावर गेले. इथे ऐकणारा चटपटीत होता, दुर्दैवाने.

आनंदवल्लीकर

घरच्यांवर ठेवलेले हेर पण मोजा. राघोबादादांच्या मागे आनंदीबाई मुलांसह आमच्या आनंदवल्लीत राहिल्या, आणि नानांची नजर त्या वाड्यावर कायम. १७९४ मध्ये आनंदीबाई गेल्या. मुलांना जुन्नरला, शिवनेरीवर हलवलं. तिथून त्यांच्यातल्या बाजीरावाने बळवंतराव नागनाथाच्या हातून पेशवे सवाई माधवरावांकडे गुपचूप निरोप पाठवला. नानांना कळलंच. बळवंतराव कैदेत, पहारा दुप्पट. १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाला हरवलेलं! शत्रूचं जितकं कळत होतं तितकंच भाऊबंदांचंही.

शाईवाला

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालोय, तेव्हा नोटांचं बोलतो. युद्धात माणसंच खोटी पाठवतात असं नाही. आपल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापायला लागले, आधी त्या विलायतेहून यायच्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या पाच-दहाच्या नोटांची नक्कल इतकी सुरेख केली की इथे जलचिन्ह बदलावं लागलं. सहाव्या जॉर्जचा चेहरा आधी बाजूने होता, तो समोरून केला, आणि हिंदुस्थानी नोटेत सुरक्षेचा धागा पहिल्यांदाच घातला. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत त्या वेळची दहाची नोट असेल तर खिडकीशी धरून बघा. राजा सरळ तुमच्याकडे पाहत असेल तर ती बदलानंतरची. तो बदल बर्मा-आघाडीवरच्या शत्रूमुळे झालाय.

तिकडे जर्मनांनी त्याहून मोठं काम काढलं. झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत सुमारे १४० ज्यू कैद्यांना, त्यात छपाईवाले, नक्षीवाले, बँकवाले, बसवून ब्रिटिश पौंड छापून घेतले. सुमारे तेरा कोटी पौंडांच्या नोटा. कागदाचं मिश्रण जमवणं, नोटेवर टाचण्यांची भोकं पाडणं (इंग्लंडात बँकवाले नोटा टाचून ठेवायचे), हाताळून मळवणं, सगळं बारकाईने. आम्हा छपाईवाल्यांना कौतुक करावं की शहारावं कळत नाही. मागे हटताना उरलेल्या पेट्या ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तळ्यात बुडवल्या.

दुहेरी तिकीट

काका, मग ‘सिसेरो’ सांगायलाच हवा, त्याचा पगार त्याच नोटांत झाला!

एलियेसा बाझना, अंकारातल्या ब्रिटिश राजदूताचा घरगडी. राजदूत आंघोळीला किंवा झोपायला गेला की हा किल्ल्या उचलायचा, मेणावर ठसा घेऊन त्याने बनावट किल्ली करवून घेतली होती. पेटीतले गुप्त कागद काढायचे, दिव्याखाली धरून लायका कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे, कागद होते तसे ठेवायचे आणि मग साहेबांच्या कपड्यांना इस्त्री. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मन वकिलातीत जाऊन त्याने पहिल्या दोन फिल्मच्या रिळांचे वीस हजार पौंड मागितले. माल अस्सल होता. पण बर्लिनमध्ये परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला वाटलं की इतकं सहज मिळतंय म्हणजे ब्रिटिशांचाच सापळा. त्यांचं एकमत होईपर्यंत बातम्या शिळ्या झाल्या. गार्बोचं धादांत खोटं गिळलं आणि सिसेरोचं खरं थुंकलं, एकाच सरकारने, वर्षभराच्या आत.

गोदातीर

वा! माझ्या मुद्द्याला याहून चांगली जोडी मला सापडली नसती. पण एक शंका आहे. गार्बोचं त्यांना पटलं कारण कॅलेकडेच हल्ला येणार असं त्यांना आधीपासून वाटत होतं. मग ऐकणारा बातमी तोलतो की स्वतःच्या मताला साक्षीदार शोधतो? इखलासखानालाही ‘मराठे लुटीने जड झालेत, आता सापडले’ हेच ऐकायचं असावं.

कळवणची सून

शोधतोच. म्हणून नानांसारखे लोक एकाच ठिकाणी दोन माणसं नेमायचे आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा.

मिसळसम्राट

ते सगळं ठीक, पण त्या सिसेरोचं पुढे काय झालं? पैसे खर्च केले की नाही?

शाईवाला

केले ना. युद्धानंतर धंदा काढला, हॉटेल बांधायला घेतलं. मग नोटा बनावट निघाल्या, लोक अंगावर आले. बाझनाने पश्चिम जर्मनीच्या सरकारकडे भरपाई मागितली की तुमच्याच माणसांनी मला खोटे पैसे दिले. ती फेटाळली गेली. १९७० मध्ये म्युनिकला वारला. निफाडकर, तुमच्याकडे हिंगण्यांच्या पत्रांची नागरी प्रत असेल तर दिल्लीहून हुंड्या किती आणि कशा यायच्या ते टाका, मोडी मला झेपत नाही.